कलाबाईच्या ओव्हनमधला भिकन

भिंतीपलीकडे भांडी आपटायला लागली की आमच्या चाळीतले टीव्ही एकदम मोठे व्हायचे. भिकन बायकोला मारतोय हे ऐकू आलं असं कुणाला कबूल करायला लागू नये म्हणून. सुरतेतल्या लिंबायतची ती चाळ, मधल्या भिंती एका विटेच्या. पलीकडे कुणी कूस बदलली तरी कळायचं, तर डोकं भिंतीवर आपटलेलं कसं कळणार नाही? मी जवळच्या मराठी शाळेत शिकवायचे. मूळची बुलढाण्याकडची, आणि तोंडाची फटकळ. मी उठून दार ठोठावायचे. भिकन दार उघडायचा, शर्टाची बाही खाली ओढत अगदी नम्रपणे म्हणायचा, "काही नाही बाई, घरचं मॅटर आहे." मग दार लावून पुन्हा सुरू. मॅटर म्हणे! त्या शब्दाची मला अजून चीड येते.

कलाबाई चोपड्याकडची. लग्न होऊन सुरतेला आली ती थेट या खोलीत. चांगली उंचीपुरी, हाडापेराने मजबूत. नळावरच्या भांडणात तिच्यापुढे कुणी टिकायचं नाही. एकदा एका बाईची कळशी तिने गटारात भिरकावली होती. म्हण आहे घरात वाघ आणि बाहेर शेळी. कलाबाईचं नेमकं उलटं होतं. नवरा समोर आला की तिचे खांदे आपोआप आत वळायचे. मला तिचा राग यायचा. एवढी धडधाकट बाई, एक ठेवून द्यायला काय होतं हिला, असं मी मनात म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सुजलेल्या ओठाला बर्फ लावायलाही मीच जायचे.

ती घोडदोड रोडवर एका गुजराती घरी स्वयंपाक करायची. त्या घरचा मुलगा परदेशातून एक छोटा ओव्हन घेऊन आला होता. आत लाल होणाऱ्या कांड्या, दर्शनी भागावर दाबायची सपाट बटणं आणि वर हिरवे आकडे. त्यांनी मोठा ओव्हन घेतला तेव्हा शेठाणीने हा कलाबाईला देऊन टाकला. कलाबाई त्यात नानकटाया भाजून चहाच्या टपरीवर विकायला द्यायला लागली. तूप सढळ, वेलची ताजी. लूमवरून, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावरून सुटलेले कामगार टपरीवर चहाबरोबर त्याच मागायचे. भिकन त्याच नानकटाया घरी बसून खायचा आणि टपरीवाले तुझ्याकडे का बघतात म्हणून तिला तुडवायचा.

पावसाळ्यात एका संध्याकाळी तो पोटलीची, म्हणजे पिशवीतली गावठी दारू पिऊन मिठी खाडीत पडला आणि बुडाला. प्रेत आणलं तेव्हा कलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. चाळीने ते बरोबर हेरून ठेवलं. मला मात्र आनंद झाला होता, आणि तो लपवायची मला काही गरज वाटली नाही.

पुढच्या वैशाखात आखाजी आली. खानदेशात अक्षय्य तृतीयेला मोठा मान, आणि घरातलं माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी तर फारच मानाची. मेलेल्याच्या नावाने पाण्याची घागर भरायची, पुरणपोळी, आमरस, तूप असा घास चुलीतल्या विस्तवावर ठेवायचा, आणि त्याभोवती हाताने पाणी फिरवायचं. याला ते आगारी टाकणं म्हणतात. घास विस्तवावर जळून धूर वर गेला की मेलेला जेवला. आमच्याकडे ही रीत नाही, म्हणून मी दारात उभी राहून बघत होते.

पूजेला भिकनचा धाकटा भाऊ सुकलाल कडोदऱ्याहून आला होता. तिथे तो लूमवर कामाला होता. येताना थोडी घेऊनच आला होता, वास येत होता. आता अडचण अशी, की कलाबाईच्या खोलीत चूल नव्हती. रॉकेलचा स्टोव्ह होता आणि ओव्हन होता. इतर बायका इस्त्रीवाल्याकडून निखारे मागून आणायच्या. कलाबाई घमेलं घेऊन निघाली तर सुकलालने हात धरला.

"निखारा कशाले? दादा तर याच भट्टीना खायचा. हीच आपली चूल."

ओव्हन नानकटायांसाठी तापलेला होता. सुकलालने घास थेट त्याच्या डोक्यावर ठेवला. पुरण, आमरस, तुपाची धार. मग तांब्या उचलला आणि चांगलं ओंजळ-ओंजळ पाणी फिरवलं. सगळं मिळून पुढच्या बटणांवरून ओघळलं. कलाबाईने पदराने पुसलं. बाहेरून जेवढं पुसता येतं तेवढं.

त्याच दिवशी दिवेलागणीला ओव्हन आपणहून बोलला. टिर्र, टिर्र. हिरवे आकडे भराभरा पळायला लागले आणि कुणी हात न लावता आतल्या कांड्या लाल झाल्या. दिवसपाळी संपवून भिकन घरी यायचा ती हीच वेळ. कलाबाई भिंतीला चिकटली, दोन्ही हात डोक्यावर धरले, आणि थरथरायला लागली. तेव्हा तिचं लुगडं ओलं झालेलं मी पाहिलं. मेलेल्या माणसाची एवढी भीती, जिवंतपणी त्याने काय केलं असेल ते ज्याचं त्याने समजावं.

सुकलाल मात्र भाऊ परत आला म्हणत ओरडत बाहेर धावला. "दादा उना! दादा उना! वहिनीच्या अंगात येऊ लागलंय!"

मी आत जाऊन प्लग काढला. ओव्हन गप्प झाला. मी म्हटलं, "बघ, इतकं सोपं आहे भूत." पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भीत भीत प्लग लावला, तर ओव्हन शहाण्यासारखा चालला, नानकटाया नीट भाजल्या, आणि संध्याकाळ झाली की पुन्हा टिर्र टिर्र. चाळ म्हणाली, पाण्यात मेलेला माणूस, हवेला ओल सुटली की येणारच. कलाबाई भिकनसाठी ताट वाढून ठेवायला लागली. मी रागावले तर म्हणाली, "बाई, तो गेल्यावर माले पहिल्यांदा झोप लागली होती. आता परत उना तो. मी काय करू?"

खोली भिकनच्या नावावर होती. कडोदऱ्याला लूमच्या वर पत्र्याखाली राहणाऱ्या सुकलालला ती हवी होती, हे चाळीतल्या पोराठोरांनाही माहीत होतं. तो बन्सीलाल नावाच्या भगताला घेऊन आला. मी दार आतून लावलेलं बघितलं, मिरचीचा धूर फटींतून बाहेर येत होता, आणि आत भिजवलेल्या दोराचे फटके बसत होते. प्रत्येक फटक्यानंतर बन्सीलाल विचारायचा, "बोल, कोन शे तू? बोल, जातस का नही?" कलाबाई खोकत होती, तिला बोलायला श्वासच नव्हता. मी दाराला लाथ घातली. कडी निघाली. ती जमिनीवर उपडी होती, पाठीवरचं चोळीचं कापड फाटून रक्तात चिकटलं होतं, आणि एका हाताने ती ओव्हनचा पाय धरून होती. सुकलालने तो मुद्दाम चालू ठेवला होता. ओव्हन टिर्र टिर्र करत होता आणि भगत त्याच्याकडे बोट दाखवत होता. मी दोर ओढायला गेले तर सुकलालने मला दारावर ढकललं. बांगडी फुटून मनगटात घुसली.

चाळीतले पुरुष बाहेर घोळका करून उभे होते. मला म्हणाले, "जाऊ द्या बाई, देवाधर्माचं काम आहे." एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. त्यातले अर्धे माझ्या शाळेतल्या पोरांचे बाप होते.

बन्सीलालने निकाल दिला. मेलेल्याला खोली भावाला द्यायची आहे. बाईने गावी जावं. अमावस्येपर्यंत निघाली नाही, तर तो पुन्हा येणार, आणि त्या खेपेला भूत निघेपर्यंत मारायचं थांबवणार नाही. मी म्हटलं, पोलिसात चल. पाठीला हळद लावून घेत कलाबाई पालथी पडली होती. ती तशीच म्हणाली, "काय सांगू त्यांना? नवरा मारतो म्हणून? तो मेलाय बाई." गावी तिचं कुणी नव्हतं. आईबाप गेलेले, भावाने दार बंद केलेलं. खोली गेली की ती रस्त्यावर, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

पालथ्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. दोनेक दिवसांनी तिने मला हाक मारली.

"बाई, तो दुपारी का येत नाही?"

"मला काय ठाऊक? झोपत असेल."

"नाही. रातपाळी असली की भिकन दुपारभर घरीच असायचा. दुपारीच जास्त मारायचा." ती कोपर टेकून उठून बसली. "त्याले मारायला वेळकाळ कधी लागला नाही. हा फक्त सांजेलाच काब्रं, कशापायी येतो?"

तिने दुसऱ्या दिवशी प्लग काढून ओव्हन गच्चीच्या पत्र्यावर दिवसभर उन्हात ठेवला. त्या संध्याकाळी तो बराच वेळ गप्प राहिला, अगदी रात्री जेवणं झाल्यावर एकदा कुरकुरला. मग तिने उलटं केलं. भर दुपारी ओव्हनच्या शेजारी स्टोव्हवर भात चढवला आणि झाकण काढून ठेवलं. वाफ बटणांवर गेली, आणि भर दुपारी भिकन बोलला. टिर्र, टिर्र. कलाबाई या वेळीही दचकली, पण डोक्यावर हात गेले नाहीत. "वाफेला येतो हा," ती म्हणाली. "बाई, भिकनला भाताच्या वाफेचं काय?" मला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गजेंद्रचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अमळनेरचा पोरगेला माणूस, बोलायला पटाईत, भिंतीवर सगळ्या देवांचे फोटो. कलाबाईने ओव्हन डोक्यावर घेऊन तिथे नेऊन ठेवला, तर गडी स्टुलावरून उठून मागे सरकला. भिकनने एकदा त्याच्याच दुकानात त्याला कानाखाली दिली होती, टेप दुरुस्त झाला नाही म्हणून.

"वहिनी, मी हात नाही लावणार. बाकी सांगतो सगळं. तुम्ही खोला."

मी म्हटलं, "तू पुरुष आहेस का कोण?" तो म्हणाला, "पुरुषच आहे बाई, म्हणून तर भिकनदादाला ओळखतो." तेव्हा पेचकस कलाबाईनेच घेतला. गजेंद्र काउंटरच्या पलीकडून सांगत होता. आधी प्लग बाहेर आहे ना ते बघा. मागचे स्क्रू. आता पुढची पट्टी. ओढू नका, उचला. बटणांच्या पट्टीखालून एक चपटी वायर आत सर्किटच्या प्लेटमध्ये जात होती. कलाबाईने ती सोडवून उजेडात धरली. टोकाशी तपकिरी, चिकट काहीतरी बसलं होतं आणि खालचं तांबं हिरवट पडलं होतं.

"कार्बन असंल," गजेंद्र लांबूनच म्हणाला.

कलाबाईने बोटाने ते खरवडलं. वास घेतला. आणि मी अडवायच्या आत जिभेला लावलं.

"गूळ," ती म्हणाली. "पुरण आहे हे. आखाजीचं."

आता गजेंद्र पुढे आला. भूत गुळाचं आहे म्हटल्यावर त्याची भीड चेपली. त्याने हातात वायर घेतली आणि सगळं फोड करून सांगितलं. बटण दाबलं की दोन पट्ट्या एकमेकांना टेकतात, मग मशीनला कळतं कुणीतरी दाबलं. गूळ हवेतली ओल ओढून घेतो; पावसाळ्यात डब्यातला गूळ पाझरतो तसं. ओल धरली की गुळातून करंट या पट्टीवरून त्या पट्टीवर जातो, आणि मशीनला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. दुपारी उन्हाने सुकतं, सांजेला खाडीची हवा सुटली, घरोघर भात शिजला, की पुन्हा ओलं. नुसतं उन्हात वाळवून चालायचं नाही, गूळ आत आहे तोवर तो पाणी पीतच राहणार. त्याने स्पिरिट आणि जुना टूथब्रश दिला. कलाबाईने टोकं घासली, बटणांच्या पट्टीच्या कडा घासल्या, हिरवट थर निघून तांबं चमकेपर्यंत घासली. मग सगळं सुटं पंख्याखाली ठेवलं. घाईने जोडू नका, म्हणाला, आत ओल राहिली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ओव्हन जोडून घरी आणला त्या संध्याकाळी तिने शेजारी भाताचं पातेलं उघडं ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. वाफ बटणांवर जात होती, काचेवर पाणी धरत होतं. मीही बसले होते. दिवेलागण झाली. भिकन यायची वेळ झाली, होऊन गेली. हिरवे आकडे जागचे हलले नाहीत.

"मेला," कलाबाई म्हणाली. "खरंच मेला तो."

आणि ती रडली. गळा काढून, छाती पिटून रडली. चाळीतल्या बायका दारात गोळा झाल्या आणि एकमेकींना म्हणाल्या, शेवटी नवऱ्याची आठवण आली बिचारीला. मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

अमावस्येला बन्सीलाल आला. बरोबर सुकलाल, आणि मागे तोच घोळका. कलाबाई दारातच उभी राहिली. तिने सगळ्यांसमोर प्लग लावला, वाफेचं पातेलं ओव्हनपाशी सरकवलं आणि म्हणाली, "बोलवा तुमच्या भिकनला." ओव्हन ढिम्म. तिने सांगितलं, आत आगारीचा गूळ गेला होता, गजेंद्रच्या दुकानात खोलला, विचारा त्याला. गजेंद्र घोळक्यात होता. सगळ्यांनी वळून बघितलं तशी त्याने मान खाली घातली. मला वाटलं संपलं. इतकं स्वच्छ दिसतंय, आता कोण काय बोलणार?

बन्सीलालने ओव्हनवर हात फिरवला आणि डोळे मिटले. "निघाला," तो म्हणाला. "यातून निघाला. आता हिच्यात शिरला." आणि घोळक्याने मान डोलावली! खरंच डोलावली. सुकलालने तिला दंडाला धरून आत ओढलं. भिजवलेला दोर आधीच्या जखमांवर बसला आणि तिच्या तोंडून निघालेली किंकाळी मला अजून ऐकू येते.

दुसरा फटका बसला नाही. कलाबाईने दोर हवेतच पकडला. ती सरळ उभी राहिली, आत वळलेले खांदे बाहेर आले, आणि तिच्या तोंडून भिकनचा आवाज निघाला. तोच घोगरा सूर, त्याच आईबहिणीच्या शिव्या, ज्या मी इतकी वर्षं भिंतीतून ऐकल्या होत्या.

"सुक्या! मनी खोलीमा पाय ठेवी दखाड!"

पहिली थप्पड बन्सीलालच्या कानावर बसली आणि तो स्टोव्हवर कोलमडला. पातेलं सांडलं, उकळता भात त्याच्या पायावर गेला. तो बोंबलत घोळक्यातून वाट काढत पळाला, दोर तिथेच टाकून. मग तिने सुकलालचे केस धरले. त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, माझ्याच भिंतीवर, पलीकडे माझी भांडी खणखणली. गुडघा त्याच्या पोटात घातला. कुठे मारलं की माणूस वाकतो, वाकल्यावर कुठे मारायचं, हे तिला शिकवायची गरज नव्हती. सुकलालचे दोन दात फरशीवर पडले. "दादा, चुकी गयं! दादा, नही येऊ!" तो रडत होता. आणि देवाधर्मवाला घोळका हात जोडून उभा होता: "भिकनदादा, शांत व्हा. खोली वहिनीचीच आहे. शांत व्हा." जिवंत भिकनला त्यांच्यातल्या एकानेही कधी शांत हो म्हटलं नव्हतं.

शेवटी मी तिला मागून मिठी मारली आणि कानात ओरडले, "कला, मी आहे, बाई!" तेव्हा तिचे हात थांबले. सुकलालला चौघांनी उचलून नेलं. तो पुन्हा लिंबायतला आला नाही. खोलीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उलट तिच्या दारावरून जाताना लोक चपला हातात घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून थेट तिच्याकडे गेले. इतकी खूश मी कधीच नव्हते. ती नानकटाईचं पीठ मळत होती, बोटांची सालं निघाली होती. मी म्हटलं, "काय नाटक केलंस ग! मी तर क्षणभर घाबरले. त्या मेल्या सुकलालला आयुष्यभर पुरेल."

ती हसली नाही. पीठ मळत राहिली.

"पहिल्या दोन थपडा नाटक होतं, बाई. भीती घालायची एवढंच मनात होतं." तिने हात थांबवले. "मग तो खाली पडला. हात जोडले त्याने. तो रडतोय, रक्त येतंय, मला सगळं दिसत होतं. मी शुद्धीत होते. तुम्ही धरलं म्हणून थांबले."

"मग? त्याला तेच पाहिजे होतं."

"मला बरं वाटत होतं, बाई. लई बरं वाटत होतं." तिने माझ्याकडे बघितलं, त्या ओव्हनकडे बघायची तशी घाबरून. "भिकनले बी असंच बरं वाटे का?"